ट्रॅक्टरची घरगुती चाकवजने

चाकवजन म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकाची जमिनीवरील पकड वाढावी म्हणून चाकाच्या तबकडीला बोल्टने जोडलेला जड ठोकळा होय. कारखान्यात तयार होणारी चाकवजने बहुधा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असतात. बागायतीत व लहान शेतांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांसाठी मात्र शेतकरी आणि गावातील वेल्डिंगचे कारागीर काँक्रीट किंवा भंगारातील लोखंडी चकत्या वापरून ती घरीच तयार करतात, अथवा टायरमध्ये पाणी भरून तोच परिणाम साधतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः अशा घरगुती वजनांचा विचार केला आहे. मोटारगाडीच्या चाकाचे संतुलन साधण्यासाठी रिमच्या कडेला बसवल्या जाणाऱ्या काही ग्रॅमच्या तुकड्यांनाही चाकवजनच म्हणतात. त्यांचा या विषयाशी संबंध नाही.

पूर्वपीठिका

शेतीत वजनाचा उपयोग ट्रॅक्टरपेक्षा पुष्कळ जुना आहे. कुळवाची पास कठीण जमिनीत शिरेनाशी झाली की शेतकरी दिंडावर दगड ठेवत असे किंवा स्वतः त्यावर उभा राहत असे. भाताच्या खाचरात चिखलणीनंतर जमीन सारखी करण्यासाठी फळी फिरवताना घरातील एखादे पोर तिच्यावर बसवले जाई, आणि ते काम पोराला खेळासारखे वाटे. नाविकांनाही हे तत्त्व परिचित होते. गलबत हलके असेल तर ते वाऱ्याने कलंडू नये म्हणून तळाशी दगड किंवा वाळू भरत. त्या भरतीला मराठीत 'नीरम' असा शब्द आहे.

मात्र कुळवावरील दगड आणि ट्रॅक्टरचे चाकवजन यांत एक महत्त्वाचा फरक आहे. बैल आपल्या खुरांनी जमीन पकडून ओढतात. वजन हवे असते ते औजाराला. ट्रॅक्टरमध्ये ओढणाऱ्या यंत्रालाच वजन हवे असते, कारण त्याच्याजवळ जमीन धरून ठेवण्याचे दुसरे साधन नसते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे औजारावर माणसे बसवण्याची बैलांच्या काळातील सवय ट्रॅक्टरच्या काळातही टिकून राहिली आहे. तिचे परिणाम पुढे दिले आहेत.

आरंभीच्या ट्रॅक्टरांची चाके लोखंडी असत व त्यांच्या परिघावर जमिनीत रुतणारे खिळे किंवा पट्ट्या असत. १९३२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने आपल्या 'मॉडेल यू' ट्रॅक्टरला फायरस्टोन कंपनीचे हवेचे रबरी टायर बसवून दिले. रबरी टायरमुळे वेग वाढला व धक्के कमी झाले. चाक मात्र हलके झाले आणि नांगरटीत घसरू लागले. लोखंडी चाकाबरोबर गेलेले वजन बिडाच्या ठोकळ्यांच्या किंवा टायरमधील पाण्याच्या रूपाने परत आणावे लागले. याच दशकात हॅरी फर्ग्युसन यांनी या प्रश्नाला वेगळे उत्तर शोधले. त्यांच्या तीन बिंदूंच्या जोडणीमुळे आणि जलशक्तीवर चालणाऱ्या उचल-यंत्रणेमुळे औजाराचे वजन व मातीचा खालच्या दिशेचा ओढा यांचा काही भाग मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही चांगला ओढतो. आज भारतातील बहुतेक सर्व ट्रॅक्टरांना हीच जोडणी असते.

भारतातील ट्रॅक्टर-उत्पादनाचे एक महत्त्वाचे केंद्र मुंबईचे उपनगर कांदिवली हे होते. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र अँड महिंद्र व व्होल्टास यांच्या सहभागातून १९६३ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया'चा 'बी-२७५' हा ट्रॅक्टर तेथे तयार होई. मीरा-भाईंदर परिसरातील डोंगरी, उत्तन यांसारख्या गावांपासून हा कारखाना रेल्वेने काही स्थानकांच्या अंतरावर होता. पण तेथे तयार होणारी मोठी यंत्रे लहान खाचरांच्या आणि वाड्यांच्या मापाची नव्हती. १५ ते २५ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर पुष्कळ नंतर बाजारात रुळले. नाशिक व सांगलीच्या द्राक्षबागा, सोलापूरच्या डाळिंबबागा आणि उसातील आंतरमशागत यांत त्यांना जागा मिळाली. हे ट्रॅक्टर दोन ओळींमधून जाण्याइतके अरुंद आणि म्हणून हलके असतात. घरगुती चाकवजनाची गरज प्रामुख्याने याच यंत्रांना भासते.

कार्यतत्त्व

चाक जमिनीला जितक्या जोराने दाबते तितके त्याला घर्षण मिळते, आणि जितके घर्षण तितकी ओढ. कोरड्या, मध्यम घट्ट जमिनीत ट्रॅक्टर आपल्या चालक चाकांवरील भाराच्या साधारण ०.४ पट ओढू शकतो असे हिशेबासाठी धरता येईल. ८०० किलोच्या एखाद्या छोट्या ट्रॅक्टरचा ६० टक्के भार मागच्या चाकांवर आहे असे मानू. मागे ४८० किलो येतात आणि ओढ सुमारे १९२ किलो मिळते. प्रत्येक मागच्या चाकाला ३५ किलोप्रमाणे ७० किलो वजन जोडले तर ओढ सुमारे २२० किलो होते, म्हणजे वाढ जवळपास १५ टक्क्यांची. हा लाभ खरा आहे, परंतु चाकवजनामुळे १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा होत नाही. वजन केवळ वाया जाणारी शक्ती वाचवते. नवी शक्ती निर्माण करीत नाही.

चाकाला जोडलेले वजन आणि सांगाड्याला जोडलेले वजन यांत फरक आहे. चाकवजनाचा भार टायरमधून थेट जमिनीवर जातो, त्यामुळे आस व तिच्या बेअरिंगवर जास्तीचा ताण येत नाही. सांगाड्यावरील वजन मात्र आसेवाटे चाकापर्यंत पोहोचते. दोन्ही प्रकारचे वजन थांबवण्याचे काम ब्रेकलाच करावे लागते, ही गोष्ट उतारावर महत्त्वाची ठरते.

याहून महत्त्वाचा, आणि नेहमी चुकीचा समजला जाणारा मुद्दा ट्रॅक्टरचे पुढचे टोक उचलले जाण्यासंबंधी आहे. ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊ लागला की 'वजन कमी पडते' असे म्हणून मागच्या चाकांना वजन जोडले जाते. पुढचे टोक उचलले जाते तेव्हा ट्रॅक्टर मागच्या आसेभोवती फिरत असतो. मागच्या चाकवजनाचा गुरुत्वमध्य त्याच आसेवर असल्यामुळे त्याचे आघूर्ण शून्य असते आणि ते पुढचे टोक खाली धरण्यास काडीचीही मदत करीत नाही. उलट, पूर्वी चाक घसरून सुटका होत असे. आता पकड वाढल्यामुळे चाक घसरत नाही, ओढ वाढते आणि ट्रॅक्टर मागे उलटण्याची शक्यताही वाढते. पुढचे टोक खाली ठेवायचे असेल तर वजन पुढे लावले पाहिजे आणि ओढायची वस्तू खाली, ओढदांड्यालाच, जोडली पाहिजे. अडकलेले वाहन किंवा झाडाचा बुंधा ओढताना साखळी आसेला किंवा त्याहून वर बांधणे हे उलटण्याच्या अपघाताचे ठळक कारण आहे.

पुढच्या वजनाचा परिणाम त्याच्या प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक असतो. दोन आसांमधील अंतर १.५ मीटर असलेल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसेपुढे ०.६ मीटरवर ४० किलो वजन टांगले तर पुढच्या चाकांवर ५६ किलो भार वाढतो आणि मागच्या चाकांवरचा १६ किलो कमी होतो. शाळेतील तराजूच्या दांडीचाच हा नियम आहे.

वजनाची योग्य मर्यादा

वजन किती असावे हे चाकाच्या घसरणीवरून ठरवतात. शेतात त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. मागच्या टायरवर खडूने खूण करावी, औजार जमिनीत ठेवून चाकाचे बरोबर १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि आरंभ व शेवट या ठिकाणी खुंट्या ठोकाव्यात. मग औजार उचलून तेच अंतर तेवढ्याच वेगाने पार करावे व फेरे मोजावेत. दुसऱ्या खेपेस ९ फेरे लागले तर घसरण १० टक्के, साडेआठ लागले तर १५ टक्के. दोन चालक चाकांच्या ट्रॅक्टरसाठी शेतजमिनीत साधारण ८ ते १५ टक्के घसरण योग्य मानली जाते. त्याहून अधिक असेल तर वजन वाढवावे. त्याहून पुष्कळ कमी असेल तर वजन काढावे.

घसरण मुळीच नसणे हे चांगले लक्षण आहे असे अनेकांना वाटते, पण तसे नाही. अशा वेळी ट्रॅक्टर स्वतःचेच ओझे वाहत असतो, डिझेल अधिक लागते आणि गिअर व आसेवर ताण येतो. टायरच्या उमटलेल्या ठशावरूनही अंदाज बांधता येतो. नक्षीचा ठसा साच्यातून काढल्यासारखा स्वच्छ असेल तर वजन जास्त आहे. ठसा पूर्ण पुसलेला असेल तर कमी आहे. कडा स्पष्ट आणि मधली माती किंचित सरकलेली असेल तर ते बेताचे आहे.

ट्रॅक्टर सुरक्षितपणे वळवता यावा यासाठी त्याच्या एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहणे आवश्यक समजले जाते. मागे जड फवारणी-टाकी किंवा रोटाव्हेटर जोडलेला असताना हा हिस्सा झपाट्याने घटतो. बांध चढताना सुकाणू हलके लागणे ही त्याची पहिली सूचना होय. कमाल वजन किती लावता येते हे उत्पादकाच्या पुस्तिकेत व टायरच्या भारक्षमतेवर अवलंबून असते; टायरची क्षमता हवेच्या दाबानुसार बदलते.

जमिनीच्या दृष्टीनेही मर्यादा आहे. महाराष्ट्रातील काळ्या चिकण जमिनीत ओलावा अधिक असताना जड चाक फिरवले तर खालचा थर दाबला जातो, पाणी मुरत नाही आणि मुळे आडवी वाढू लागतात. वरची माती पुढच्या नांगरटीत सुटते. खोलवर बसलेला दाब वर्षानुवर्षे राहतो. वाफशावर काम करणे हा जुना नियम बैलांपेक्षा ट्रॅक्टरला अधिक लागू आहे. बागेत तर चाके दरवेळी त्याच दोन पट्ट्यांवरून जातात, म्हणून फवारणीसारख्या हलक्या कामासाठी चाकवजने उतरवून ठेवणे इष्ट असते. वर्षभर कायम लावून ठेवलेले वजन हे बहुतेक वेळा आळसाचे फळ असते.

द्रव्यनिवड

घरगुती वजनाचे द्रव्य ठरवताना जागेचा विचार आधी करावा लागतो, कारण छोट्या ट्रॅक्टरच्या चाकाच्या खोबणीत फार जागा नसते. ३० सेंटिमीटर व्यासाची आणि १० सेंटिमीटर जाडीची एक चकती कल्पिली तर तिचे आकारमान सुमारे ७ लिटर भरते. ती काँक्रीटची असेल तर वजन सुमारे १७ किलो, बिडाची असेल तर ५१ किलो आणि पोलादाची असेल तर ५५ किलो होते. म्हणजे तेवढ्याच जागेत लोखंड काँक्रीटच्या तिप्पट काम देते. शिसे याहूनही जड आहे, परंतु ते विषारी असून घरी वितळवताना त्याची वाफ व धूळ शरीरात जाते. मुलांना तर ते अल्प प्रमाणातही बाधते. चाकवजनासाठी ते वापरू नये.

बिडाची वजने ओतून घ्यायची असतील तर ओतशाळेत लाकडी नमुना द्यावा लागतो. कोल्हापूर परिसरात, विशेषतः शिरोली व गोकुळ शिरगाव येथे, ओतकामाचा मोठा उद्योग आहे. परंतु दोन-चार नगांसाठी नमुना करून घेणे परवडत नाही. म्हणून भंगाराकडे लक्ष वळते. मालमोटारीचे झिजलेले ब्रेक-ड्रम, जुन्या यंत्रांची गतिचक्रे, जाड पत्र्याच्या कापलेल्या चकत्या, व्यायामशाळेतील बिडाच्या थाळ्या या वस्तू त्यासाठी योग्य ठरतात. ब्रेक-ड्रम गोल, मध्यभागी मोकळा व आधीच भोके पाडलेला असल्याने तो सर्वांत सोयीचा. रेल्वे रुळांचे तुकडे व रेल्वेचे इतर लोखंडी भाग भंगारात दिसले तरी घेऊ नयेत. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

काँक्रीटची वजने

काँक्रीट स्वस्त आहे, त्याला हवा तो आकार देता येतो आणि त्याचे साहित्य प्रत्येक गावात मिळते. त्याचा दोष म्हणजे ठिसूळपणा. नुसत्या काँक्रीटची चकती बांधावरून उतरताना बसणाऱ्या धक्क्यांनी तडकते आणि तिचा तुकडा फिरत्या चाकातून उडू शकतो. म्हणून काँक्रीट नेहमी लोखंडी कड्यात ओतावे. जुन्या पिंपाचा किंवा जाड नळाचा कापलेला कडा साच्याचेही काम करतो आणि पुढे कवच म्हणूनही राहतो. रिकामे पिंप कापण्यापूर्वी त्यात काय होते हे पाहावे. तेल, रंग किंवा रसायनाच्या पिंपातील वाफ ठिणगीने पेटते.

चाकाच्या तबकडीवर आधीच असलेल्या भोकांचा नमुना जाड पुठ्ठ्यावर उतरवून घेतात. तो साच्याच्या तळाशी ठेवून प्रत्येक बोल्टच्या जागी प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडा उभा करतात, मध्ये तुंब्यासाठी मोठा नळ ठेवतात आणि टायरच्या वॉल्व्हपुढची जागा मोकळी सोडतात. ही शेवटची गोष्ट विसरली गेली तर हवा भरण्यासाठी दर वेळी वजन उतरवावे लागते. आत ८ मिलिमीटर सळईची दोन वर्तुळे आडव्या तुकड्यांनी बांधून, कडेपासून निदान अडीच सेंटिमीटर आत बसवतात.

मिश्रण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग बारीक खडी असे घेतात. पाणी बेताचेच घालावे. ओतायला सोपे जावे म्हणून पातळ केलेले काँक्रीट कमकुवत होते. साच्याच्या बाजूंवर लाकडी हातोडीने ठोकत हवेचे बुडबुडे बाहेर काढतात. दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस ओले गोणपाट झाकून पाणी मारतात. पूर्ण बळकटी येण्यास २८ दिवस लागतात, आणि तोवर चकती चाकाला लावू नये. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने केलेली वजने पहिल्याच हंगामात फुटतात याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

दोन्ही बाजूंची वजने काट्यावर मोजून सारखी करावीत. एका खेपेचे मिश्रण एका चाकाला आणि दुसऱ्या खेपेचे दुसऱ्याला असे झाले तर किलो-दोन किलोंचा फरक सहज पडतो. शेतात तो जाणवत नाही; रस्त्यावर वेगात मात्र चकती मध्यबिंदूपासून सरकलेली असेल तर ट्रॅक्टर थरथरू लागतो.

टायरमधील पाणी

टायरमध्ये पाणी भरणे ही सर्वांत स्वस्त आणि काही बाबतींत सर्वांत चांगली पद्धत आहे. ट्रॅक्टर जॅकवर घेऊन वॉल्व्ह सर्वांत वर आणतात आणि विशेष जोडणीच्या नळीने पाणी वॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश भरतात. उरलेल्या जागेत हवा ठेवावीच लागते. पूर्ण भरलेला टायर धक्के शोषत नाही. मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये साधारण दीडशे ते दोनशे लिटर पाणी बसते, म्हणजे तितकेच किलो वजन. छोट्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये ते त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते, म्हणून त्यांना लोखंडाची जोड लागते. पाणी चाकाच्या खालच्या भागात राहत असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो व उतारावर स्थैर्य वाढते.

थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. त्याने वजनही वाढते, पण ते गळल्यास रिम गंजते. महाराष्ट्रात पाणी गोठण्याचा प्रश्न नसल्याने साधे गोडे पाणी पुरेसे आहे. गैरसोय दुरुस्तीच्या वेळी होते. पंक्चर काढणाऱ्याला आधी पाणी काढावे लागते, आणि हवेचा दाब मोजताना साधा मापक वापरला तर पाणी शिरून तो बिघडतो.

जोडणी

घरगुती वजनाची सुरक्षितता त्याच्या द्रव्यापेक्षा जोडणीवर अवलंबून असते. चाकवजन दोरीने, तारेने किंवा साखळीने बांधू नये. चाक तुंब्याला धरून ठेवणाऱ्या मुख्य नटांखाली ते दाबून बसवणेही चुकीचे आहे, कारण त्याने नटांची आट्यांवरील पकड कमी होते आणि चाकच निसटण्याचा धोका राहतो. तबकडीवर वजनासाठी ठेवलेली स्वतंत्र भोके वापरावीत. बोल्ट साध्या लोखंडाचे न घेता ८.८ दर्जाचे घ्यावेत, दोन्ही बाजूंना जाड वॉशर व मागे दुसरा चेक-नट लावावा. पहिल्या तासाभराच्या कामानंतर सर्व नट पुन्हा आवळावेत. वजन टायरच्या बाहेरच्या कडेपलीकडे येऊ देऊ नये. द्राक्षाच्या वा डाळिंबाच्या ओळीत ते खोडाला घासते.

टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग करणे अथवा ती गॅसच्या ज्योतीने तापवणे हा या सर्व कामातील सर्वांत घातक प्रकार होय. उष्णतेने टायरच्या आतील रबर व वंगण यांची ज्वलनशील वाफ तयार होते आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा काढली असली तरी धोका टळत नाही. वेल्डिंग आवश्यकच असेल तर टायर रिमवरून पूर्ण उतरवला पाहिजे. भोक पाडून रिम कमकुवत करणेही टाळावे.

उचलताना होणाऱ्या इजा किरकोळ समजल्या जातात, परंतु ३५ किलोची गुळगुळीत गोल चकती गुडघ्याच्या उंचीवर धरून चार भोके जुळवणे एकट्याचे काम नव्हे. दोन हलक्या चकत्या एकावर एक लावणे अधिक सोयीचे पडते आणि कामाप्रमाणे वजन कमी-जास्तही करता येते.

वजन म्हणून माणूस

रोटाव्हेटर किंवा फण खोल जावा म्हणून त्यावर माणूस उभा करणे, चढावर पुढचे टोक दबावे म्हणून बॉनेटवर कोणाला बसवणे, फळी ओढताना तिच्यावर मूल बसवणे हे प्रकार आजही दिसतात. बैल हाकेला थांबत असत, आणि फळीवरून पडलेले पोर चिखलात पडे व हसत उठे. ट्रॅक्टरचालकाला यंत्राच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, रोटाव्हेटरची पाती मिनिटाला सुमारे दोनशे फेरे घेतात, आणि पडलेला माणूस त्यांच्याखाली जाण्यास एक क्षण पुरतो. सैल ठेवलेले दगड व वाळूची पोती यांबाबतही सावधगिरी हवी. धक्क्याने दगड पात्यांत पडला तर तो गोफणीतून सुटल्यासारखा मागे उडतो.

या ठिकाणी घरगुती वजनाचे खरे मोल दिसते. ४० किलोची काँक्रीटची चकती दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या वजनाहून जड भरते आणि तिला लागणारे सिमेंट पाऊण गोणीहूनही कमी असते. औजार जमिनीत शिरत नसेल तर मात्र वजन वाढवण्यापूर्वी पाती झिजली आहेत का, वरची जोडदांडी बरोबर लांबीची आहे का आणि जमीन वाफशावर आहे का हे पाहावे. बहुतेक वेळा कारण यांपैकीच एक असते.

कोकण व खाडीकाठचा प्रदेश

वर सांगितलेले हिशेब देशावरील कोरड्या जमिनीचे आहेत. कोकणातील भातशेतीत ते उलटे होतात. चिखलणीच्या वेळी खाचरात पाणी व मऊ गाळ असतो. तेथे घर्षणापेक्षा चाक किती पसरट आहे याला महत्त्व असते आणि जादा वजनाने ट्रॅक्टर रुतून बसतो. या कामासाठी लोखंडी पट्ट्यांची पिंजरा-चाके रबरी चाकांच्या बाहेरून किंवा त्यांच्या जागी लावतात आणि चाकवजने उतरवतात. पॉवर टिलरलाही अशीच चाके लावली जातात. रुतलेला ट्रॅक्टर काढण्यासाठी चाकाला ओंडका बांधून पुढे जाण्याचा प्रयत्न करणे जिवावर बेतू शकते, कारण ओंडका अडला की चाक स्थिर राहते आणि ट्रॅक्टरच त्याच्याभोवती मागे उलटतो. अशा वेळी मागे घेऊन बाहेर पडावे किंवा दुसऱ्या वाहनाची मदत घ्यावी.

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पश्चिम टोकास असलेल्या उत्तन-डोंगरीच्या पट्ट्यात टेकडीचा उतार, सखल खाचरे व वाड्या, खाजण आणि समुद्र हे सारे थोडक्या अंतरात एकत्र येते. भाईंदर, राई व मुर्धे या बाजूस मिठागरेही आहेत. अशा ठिकाणी एकाच ट्रॅक्टरला उतारावर वजन लागते आणि खाली खाचरात ते नको असते, त्यामुळे कायमच्या जड चकतीपेक्षा पटकन उतरवता येणारी हलकी चकती अधिक उपयोगी ठरते. उतारावर आडवे चालताना खालच्या बाजूच्या चाकावर भार वाढतो. तेव्हा चाकांमधील अंतर शक्य तितके रुंद ठेवण्याचा लाभ जादा वजनापेक्षा मोठा असतो.

खाऱ्या हवेचा परिणाम द्रव्यनिवडीवरही होतो. काँक्रीटसाठी समुद्रकाठची वाळू वापरू नये. तिच्यातील मिठामुळे आतील सळई गंजते, गंज फुगतो आणि चकती आतून फुटते. शिवाय किनाऱ्यावरून वाळू काढण्यावर निर्बंध आहेत. मचूळ विहिरीचे पाणी मिश्रणात किंवा टायरमध्ये घालणे याच कारणाने टाळावे. लोखंडी कड्याला दोन हात रेड ऑक्साइड व वर तेलरंग द्यावा, बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत आणि आट्यांना ग्रीस लावून ठेवावे. अन्यथा वर्षभराने वजन उतरवताना बोल्ट कापण्याची वेळ येते. खाजणातून आलेला ट्रॅक्टर गोड्या पाण्याने धुताना वजन व तबकडी यांमधील फटीत साचलेला चिखल विशेष काळजीने काढावा लागतो, कारण रिम सर्वप्रथम तेथेच गंजू लागते.